दहा दिवसांचा करार संपल्यावर

उत्तरटेक्सासकर

मी फ्रिस्कोत राहतो, डॅलसच्या उत्तरेला. इथे मराठी मंडळी भरपूर आहेत, पण गावातल्या टेक्सास लेजंड्स या बास्केटबॉल संघाच्या मॅचला त्यांतलं कुणी फारसं दिसत नाही. एनबीए ही अमेरिकेतली सर्वांत वरची बास्केटबॉल लीग. लेजंड्स हा तिच्या खालच्या जी लीगमधला, एनबीएतल्या डॅलस मॅव्हरिक्सशी जोडलेला संघ. तिकीट स्वस्त, हॉल अर्धा रिकामा, आणि खेळ इतका जवळून दिसतो की बुटांचा किंचाळल्यासारखा आवाज कानात बसतो.

पहिल्यांदा गेलो ते २०१५ च्या हिवाळ्यात, सतनामसिंग भामराला बघायला. पंजाबातल्या बर्नाला जिल्ह्यातल्या बल्लो के गावचा शेतकऱ्याचा मुलगा, सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीतून वयाच्या चौदाव्या वर्षी फ्लोरिडात शिकायला आलेला. जून २०१५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, मॅव्हरिक्सनी त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय, त्यामुळे आपल्याकडच्या पेपरांत पहिल्या पानावर फोटो आले. मी गेलो त्या रात्री तो बहुतेक वेळ बाकावर होता, टॉवेल गुडघ्यांवर टाकून. एनबीएची एकही मॅच त्याला मिळाली नाही. पुढे कॅनडातल्या लीगमध्ये खेळला. डिसेंबर २०२० मध्ये उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात दोन वर्षांची बंदी आली, आणि पुढे तो एईडब्ल्यू या अमेरिकी कुस्तीच्या शोमध्ये दिसू लागला.

सतनामचं काय झालं ते तरी आपल्याला माहीत आहे. त्या रात्री मैदानावर असलेल्या बाकीच्यांचं काय झालं, हा प्रश्न तेव्हापासून मनातून जात नाही. एनबीएचे ३० संघ, प्रत्येकी १५ नेहमीच्या जागा. म्हणजे सगळ्या जगातून ४५०. दरवर्षी ड्राफ्टमधून साठेक नवे येतात, म्हणजे तेवढ्यांना जागा खाली करावी लागते. जे उंबरठ्यावर उभे असतात त्यांच्यासाठी दहा दिवसांचा करार असतो. ५ जानेवारीपासून संघ असे करार देऊ शकतात. एका खेळाडूला एका हंगामात एकाच संघाकडून असे दोनच. त्यानंतर एक तर हंगाम संपेपर्यंत ठेवायचं, नाही तर सोडायचं.

माझ्या मुलीला शनिवारी बास्केटबॉल शिकवणारा कोच असाच एक. दहा वर्षांपूर्वी या खालच्या लीगमध्ये खेळायचा. त्याच्याशी बोलताना एक गोष्ट कळली ती माझ्या डोक्यात कधी आलीच नव्हती. अशा खेळाडूला कुणी ‘तू संपलास’ असं सांगतच नाही. एजंटचे फोन आठवड्याला यायचे ते महिन्याला येतात, मग येत नाहीत.

तुमच्यापैकी कुणाला याबद्दल माहिती असेल तर लिहा. कुठल्याही देशातलं चालेल.

आकडेमोड

अतिशय आवडता विषय. पैशांपासून सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथेच सर्वांत जास्त आहेत.

एनबीए म्हटलं की आपल्याला कोट्यवधी डॉलर आठवतात. पण २०१६-१७ च्या हंगामात खालच्या लीगमधल्या (तेव्हा नाव डी-लीग) खेळाडूचा हंगामाचा पगार वरच्या श्रेणीत २६,००० डॉलर होता आणि खालच्या श्रेणीत वीस हजारांच्या आत. राहायला घर संघाचं, पण पगार एवढाच. २०१७ पासून ‘टू-वे’ करार आले, म्हणजे एकाच माणसाने दोन्हीकडे खेळायचं. त्यात पैसे बरेच बरे मिळतात, पण जागा प्रत्येक संघात आधी दोन, आता तीन.

याच काळातला आंद्रे इंग्रॅम बघा. भौतिकशास्त्राची पदवी, अमेरिकन युनिव्हर्सिटीतून. दहा वर्षं खालच्या लीगमध्ये खेळला आणि भागत नाही म्हणून मुलांना गणिताच्या शिकवण्या दिल्या. एप्रिल २०१८ मध्ये हंगाम संपायला दोन मॅच उरलेल्या असताना एनबीएतल्या लॉस एंजेलिस लेकर्सनी त्याला बोलावलं. वय ३२, केस पिकायला लागलेले. ह्यूस्टनविरुद्ध १९ गुण केले, पाचपैकी चार थ्री-पॉइंटर (लांबून मारलेले तीन गुणांचे फटके) आत. मी ती मॅच दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बघितली आणि चहा तसाच राहिला. प्रेक्षक त्याच्या नावाने ‘एमव्हीपी’ (सर्वांत मोलाचा खेळाडू) म्हणून ओरडत होते.

पुढच्या हंगामात त्याला काही मॅच मिळाल्या, आणि मग तो परत जी लीगमध्ये. लोकांना ती एक रात्र आठवते. मला शिकवण्यांची दहा वर्षं जास्त मोठी वाटतात.

सिंहगडरोड

वाचतोय. छान धागा.

पण एक विचारतो, राग मानू नका. एनबीएतल्या अँटोन वॉकरने कारकिर्दीत दहा कोटी डॉलरहून जास्त कमावले आणि २०१० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. अशा माणसाबद्दल आपण का हळहळायचं? आपल्याकडे तेवढ्यात एखादा तालुका पोसला जाईल.

आकडेमोड

@सिंहगडरोड, वॉकर उंबरठ्यावरचा खेळाडू नव्हता. तो तीनदा ऑल-स्टार झाला, म्हणजे हंगामातल्या निवडक सर्वोत्तमांत आला, आणि २००६ मध्ये मायामीबरोबर विजेताही. पुढे त्याने कर्जं निस्तरली आणि आता तरुण खेळाडूंना पैसे कसे सांभाळायचे हे सांगत फिरतो, म्हणून त्याच्याबद्दल माझं मत वाईट नाही. पण धाग्यातला माणूस वेगळा आहे. त्याच्याकडे उधळायला मुळात काही आलंच नव्हतं.

मोठ्या खेळाडूचंच उदाहरण घ्यायचं तर मी विन बेकरचं घेईन. चारदा ऑल-स्टार, २००० च्या सिडनी ऑलिंपिकचं सुवर्णपदक. दारूने सगळं नेलं. २०११ मध्ये त्याने दारू सोडली आणि २०१५ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या एका स्टारबक्समध्ये मॅनेजरच्या प्रशिक्षणाला लागला. स्टारबक्सचे हॉवर्ड शुल्ट्झ कधीकाळी तो खेळायचा त्या सिअॅटल संघाचे मालक होते, त्यांनी हात दिला. काउंटरमागे सात फुटांच्या जवळपास उंचीचा माणूस कॉफी देतोय आणि लोक ओळखतायत. त्याने ते तोंड न लपवता केलं. नंतर मिलवॉकी बक्सने त्याला प्रशिक्षकांच्या ताफ्यात घेतलं आणि २०२१ मध्ये संघ जिंकला तेव्हा त्यालाही विजेतेपदाची अंगठी मिळाली.

सिंहगडरोड

पटलं. बेकरबद्दल माहीत नव्हतं.

उत्तरटेक्सासकर

आकडेमोड, पैशांपेक्षाही जी गोष्ट मला छळते ती म्हणजे रेषा. एनबीएचं पेन्शन मिळायला तीन हंगामांची सेवा लागते. दोन हंगाम आणि थोडे दिवस झालेला माणूस रेषेच्या अलीकडे राहतो.

टोनी स्नेल आठवतोय? नऊ हंगाम खेळलेला, म्हणजे पेन्शनच्या रेषेच्या कितीतरी पुढे. त्याला स्वतःला ऑटिझम आहे हे वयाच्या तिशीत कळलं, तेही मुलाचं निदान झाल्यावर. दोन्ही मुलं ऑटिस्टिक. खेळाडू संघटनेच्या ज्या विमा योजनेत सगळं कुटुंब बसतं तिला दहा हंगाम लागतात. म्हणून ३२ व्या वर्षी तो जी लीगमध्ये, मेन सेल्टिक्सकडे जाऊन खेळायला लागला, कुठला तरी एनबीए संघ उरलेल्या हंगामासाठी घेईल या आशेवर. फेब्रुवारी २०२४ च्या सुरुवातीची मुदत होती. त्या मुदतीत कुणी घेतलं नाही.

नऊ आणि दहा यांच्यात खेळाच्या दृष्टीने काय फरक आहे? मुलांच्या थेरपीच्या बिलांत मात्र आहे.

आणि जुन्या लोकांचं तर विचारू नका. १९६७ ते १९७६ या काळात एबीए नावाची दुसरी लीग होती, लाल-पांढऱ्या-निळ्या चेंडूची. आज आपण ज्याला थ्री-पॉइंटर म्हणून टाळ्या वाजवतो तो अमेरिकेत लोकप्रिय तिनेच केला. १९७६ मध्ये एनबीएने तिच्यातले चार संघ आत घेतले: नेट्स, नगेट्स, पेसर्स, स्पर्स. सेंट लुइसचा संघ बाहेर राहिला. त्याच्या मालकांनी, सिल्ना बंधूंनी, संघ बंद करण्याच्या बदल्यात थोडी रोख घेतली आणि वर आत गेलेल्या चार संघांच्या टीव्हीच्या उत्पन्नातला सातवा हिस्सा मागितला, कायमचा. तेव्हा टीव्हीचा पैसा किरकोळ होता, त्यामुळे कुणी हरकत घेतली नाही. २०१४ पर्यंत त्यांना सुमारे ३० कोटी डॉलर मिळाले होते. त्या वर्षी करार बहुतांशी मिटवायला एनबीएने आणखी ५० कोटी मोजले.

त्याच लीगमध्ये धावलेले खेळाडू सत्तरीत पोचले तेव्हा काहींकडे दातांच्या कवळीला पैसे नव्हते. इंडियानापोलिसमधली ड्रॉपिंग डाइम्स ही संस्था त्यांच्यासाठी वर्षानुवर्षं भांडली. जुलै २०२२ मध्ये एनबीए आणि खेळाडू संघटनेने मिळून सुमारे ११५ माजी खेळाडूंसाठी २ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. न खेळलेल्या संघाबद्दल दोन भावांना ८० कोटी, आणि खेळलेल्या ११५ जणांना मिळून अडीच कोटीही नाहीत. तेही लीग मिटल्यावर ४६ वर्षांनी, जेव्हा त्यांतले बरेच जण हयात नव्हते. हे लिहितानाही मला राग येतोय.

दर्यावर्दी

मी रत्नागिरीचा, मर्चंट नेव्हीत आहे, सध्या घरी. बास्केटबॉल मला जहाजावर कळला. फिलिपिनो क्रू असला की हॅचवर नाही तर इंजिन रूमच्या कोपऱ्यात कुठेतरी रिंग वेल्ड केलेली असतेच. चेंडू समुद्रात गेला की त्याचं दुःख सगळ्यांना. आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, तर मेस रूममध्ये जेवताना बॅरंगाय हिनेब्रा या संघाबद्दल असं बोलायचा जसं आपल्याकडे गावच्या पालखीबद्दल बोलतात.

त्याच्याकडून जस्टिन ब्राउनलीबद्दल कळलं. अमेरिकन, सेंट जॉन्स युनिव्हर्सिटीचा, २०११ मध्ये ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नाही. खालच्या लीगमध्ये आणि देशोदेशी फिरला. २०१६ मध्ये हिनेब्राचा परदेशी खेळाडू जखमी झाला म्हणून बदली म्हणून मनिलात उतरला. फिलिपिन्सच्या लीगमध्ये संघात परदेशी एकच, त्याला ‘इम्पोर्ट’ म्हणतात. हरलात की पहिलं विमान त्याचं. हा बदली गडी आला आणि अंतिम मालिकेच्या सहाव्या मॅचमध्ये शेवटच्या क्षणी लांबून चेंडू टाकून आठ वर्षांनी विजेतेपद आणलं. आमचा बोसन तेव्हा भर समुद्रात होता, निकाल त्याला दोन दिवसांनी कळला आणि त्याने सगळ्या क्रूला वाढून जेवण दिलं.

पुढे जानेवारी २०२३ मध्ये खास कायदा करून त्याला तिथलं नागरिकत्व दिलं. त्याच वर्षी हांगझाऊच्या आशियाई स्पर्धेत चीनला उपांत्य फेरीत आणि जॉर्डनला अंतिम फेरीत हरवून फिलिपिन्सने सुवर्ण घेतलं, १९६२ नंतर पहिल्यांदा. त्या चीनच्या मॅचमधले शेवटचे दोन थ्री-पॉइंटर ब्राउनलीचे.

अमेरिकेत तो कुणालाच माहीत नसेल. मनिलात त्याला रस्त्यावरून चालता येत नाही. म्हणून मला वाटतं, वरच्या लीगमध्ये पोचला नाही म्हणजे कारकीर्द फुकट गेली असं मोजू नये.

श्टुटगार्टकर

दर्यावर्दी यांचा प्रतिसाद सुंदर. पण ब्राउनली हजारात एक, हेही नोंदवून ठेवतो.

मी जर्मनीत दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या मॅचला नियमित जातो, एका क्लबात स्वयंसेवक म्हणून कामही केलं. दरवर्षी ऑगस्टमध्ये दोन-तीन अमेरिकन मुलं येतात. करार दहा महिन्यांचा, हातात पडणारा पगार बेताचा, सोबत दोन खोल्यांचं घर आणि छोटी गाडी. नोव्हेंबरात पाचला अंधार पडतो आणि मुलं घरी व्हिडिओ कॉल लावून बसतात. स्थानिक खेळाडू दिवसा नोकरीला नाही तर कॉलेजला असतात, त्यामुळे दुपारी बोलायला कुणी नसतं. माझी बायको त्यांतल्या एकाला वरणभात घालायची. तो अजून दिवाळीला तिला मेसेज करतो.

तो डिसेंबरात गुडघ्यावर पडला. एमआरआय झालं आणि आठवड्याभरात दुसरा मुलगा त्याच खोलीत राहायला आला. गाडीही तीच.

पगार थकणं हा आणखी एक भाग. युरोपात तो इतका सर्रास होता की फिबा या बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेने २००७ मध्ये जिनिव्हात खास लवाद काढला. खेळाडू आणि एजंट तिथे दाद मागतात आणि निकाल न पाळणाऱ्या क्लबवर नवे खेळाडू घेण्याची बंदी येऊ शकते. अर्थात तिथे जायलाही आधी फी भरावी लागते. पाच महिने पगार न मिळालेल्या माणसाने ती कुठून भरायची?

मुंबईसेंट्रल

नागपाड्याचा उल्लेख अजून आला नाही म्हणून लिहितो. नागपाडा नेबरहूड हाउस आणि मस्तान तलाव या दोन जागांनी भारताला किती खेळाडू दिले याची नवीन मुलांना कल्पना नसते. गुलाम अब्बास मुंतसिर तिथलेच. भारताचे कर्णधार, १९७० चा अर्जुन पुरस्कार, पुढे हिंदी सिनेमांतही दिसले.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या डोममध्ये पेसर्स आणि किंग्ज हे एनबीएचे संघ खेळायला आले. किंग्जचे मालक विवेक रणदिवे मुंबईत जन्मलेले. त्यांच्याच संघाने २०१५ मध्ये सिम भुल्लरला दहा दिवसांचा करार दिला होता. टोरंटोचा पंजाबी मुलगा, सात फूट पाच इंच. भारतीय वंशाचा पहिला एनबीए खेळाडू, पण एकूण मॅच तीन. नंतर तो तैवानमध्ये बराच खेळला.

वरळीला मी माझ्या लहानपणीच्या कोचना घेऊन गेलो होतो. सगळी मॅच ते एक शब्द बोलले नाहीत. बाहेर आल्यावर फक्त विचारलं की एवढ्या मोठ्या फळ्या लाकडाच्या आहेत का आणि त्या आता इथेच ठेवणार का.

जुनीपॉइंटगार्ड

बरेच दिवस फक्त वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवेना.

मी स्पोर्ट्स कोट्यातून रेल्वेत लागले, नव्वदच्या दशकात. ट्रायल दिल्या, हातात ऑर्डर आली, वय एकोणीस. आईने ऑर्डर देवापुढे ठेवली. माझ्या खेळाची ती पहिली पावती होती. मेडल्स त्याआधीही होती, पण ती ट्रंकेत होती. सकाळी साडेसहाला ग्राउंड, मग काळा कोट घालून तिकीट तपासणी, संध्याकाळी पुन्हा ग्राउंड. स्पर्धा असली की स्पेशल कॅज्युअल लीव्ह. नॅशनल्सला रेल्वेच्या मुली म्हणजे दबदबा असायचा, तो आजही आहे. पुण्याच्या शिरीन लिमयेचं नाव तुम्ही ऐकलं असेलच.

आमच्याकडे क्रम उलटा आहे हे या धाग्यामुळे पहिल्यांदा नीट कळलं. तिकडे आधी खेळ आणि नंतरचं नंतर. आमच्याकडे आधी नोकरी, खेळ तिच्या जोरावर. त्यामुळे आमच्यात जगप्रसिद्ध कुणी झालं नाही. पण बत्तिसाव्या वर्षी खेळ थांबला तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी कुठे जायचं हे मला माहीत होतं.

सोपं होतं असं नाही. पूर्ण वेळ ड्युटीवर आले तेव्हा फॉर्म कसे भरायचे, ईएफटी (जादा भाड्याची पावती) कशी फाडायची हे माझ्यानंतर लागलेल्या मुलींना माझ्यापेक्षा चांगलं यायचं. ‘खेळाडू कोटा’ हा शब्द लोक कसा उच्चारतात ते ज्यांनी ऐकलंय त्यांना सांगायला नको. पहिली दोन वर्षं मी डबा एकटीने खाल्ला. मग एका वरिष्ठ बाईंनी, त्या स्वतः जुन्या खो-खोपटू, मला बाजूला बसवून सगळं काम शिकवलं.

उत्तरटेक्सासकर, तुम्ही रेषेबद्दल लिहिलंत. आमच्यातही एक आहे. १ जानेवारी २००४ च्या आधी लागलेल्यांना जुनं पेन्शन, नंतरच्यांच्या वाट्याला एनपीएस ही नवी योजना आली. माझ्याबरोबर त्याच संघात, त्याच कोर्टवर, माझ्याहून उंच आणि माझ्याहून चांगली खेळणारी मुलगी त्या तारखेनंतर चार महिन्यांनी लागली. आम्ही अजून एकत्र फिरायला जातो, पण पेन्शनचा विषय दोघी काढत नाही.

आणि ज्यांना नोकरी मिळालीच नाही ते? माझ्या भावाचा मित्र एका कंपनीच्या संघाकडून मानधनावर खेळायचा, कायम करू असं सांगितलेलं. सहा वर्षांनी संघ बंद झाला. मानधन म्हणजे नोकरी नव्हे, त्यामुळे सर्व्हिस शून्य. तो आज एका सोसायटीत मुलांना शिकवतो, आणि फार छान शिकवतो. मधे २०१५ ते २०१७ यूबीए ही बास्केटबॉलची लीग झाली, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स असे संघ होते, तेव्हा त्याला वाटलं आता दिवस आले. लीग थांबली. आता आयएनबीएल ही दुसरी लीग आहे. ती टिकावी असं मला मनापासून वाटतं, पण माझ्या भाचीला मी सांगितलंय की आधी ट्रायल रेल्वेची दे.

एक विचारायचं होतं. माझी शेवटची मॅच कुठली ते मला आधी माहीत होतं. ऑल इंडिया इंटर रेल्वे. मुलींनी हार आणला होता, आणि मी मुद्दाम शेवटचा फ्री थ्रो सावकाश मारला. तुमच्या मुलीच्या कोचना माहीत होतं का, ही शेवटची आहे म्हणून?

आकडेमोड

ताई, हा प्रतिसाद स्वतंत्र लेख म्हणून यायला हवा. कृपया अजून लिहा, विशेषतः त्या खो-खोच्या बाईंबद्दल.

थोडी भर. काही जण खेळाच्या जवळ राहायची वाट स्वतः शोधतात. हेवूड वर्कमन पेसर्सकडून खेळला आणि पुढे एनबीएचाच पंच झाला. लिऑन वुडही तसाच, १९८४ च्या ऑलिंपिक सुवर्णपदकवाल्या संघातला. आणि एड्रियन डँटली, ज्याचं नाव २००८ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बास्केटबॉलच्या थोरांच्या मानाच्या यादीत, गेलं, तो मेरीलँडमध्ये शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून द्यायचं काम करायचा. लोकांनी त्याची बातमी केली ती कीव म्हणून. मला त्यात कीव करण्यासारखं काही दिसत नाही.

दर्यावर्दी

ताई, सलाम.

उत्तरटेक्सासकर

जुनीपॉइंटगार्ड ताई, तुमचा प्रश्न काल कोचला विचारला. क्लास संपल्यावर तो चेंडू जाळीत भरत होता, मी मदतीला गेलो. तुमची गोष्ट त्याला इंग्रजीत सांगितली, सावकाश मारलेल्या फ्री थ्रोसकट. रेल्वे खेळाडूंना नोकरी देते हे त्याला खरं वाटेना. तिकीट तपासायचं काम करून नॅशनल्स खेळायच्या, हे त्याने मला दोनदा विचारून घेतलं. पेन्शनचंही.

मग म्हणाला, नाही, माहीत नव्हतं. मार्च महिना होता, बाहेरगावची मॅच, तो चौदा मिनिटं खेळला आणि संघ हरला. परत आल्यावर सोमवारी सरावाला जायचंच होतं, म्हणून बूट त्याने लॉकरमध्येच ठेवले. रविवारी फोन आला की जागा दुसऱ्या कुणाला दिली आहे. सामान पाठवतो म्हणाले होते.

बूट आले का, ते मी विचारलं. कपडे आले, म्हणाला.